मारुतीच्या मापानं दक्षिण: नांदुऱ्याहून पोरांसोबत गाडीनं निघताना

नांदुऱ्यात महामार्गालगत उभा असलेला मारुती १०५ फूट उंच आहे. गावातल्या प्रत्येक पोराला हा आकडा पाठ असतो, कारण बाहेरगावचा पाहुणा आला की पहिला प्रश्न तोच विचारतो. दक्षिण भारताची सहल आखताना हा आकडा सोबत घ्या. सात-आठ वर्षांच्या मुलाला ‘दोनशे सोळा फूट’ म्हटलं तर त्याच्या डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही. ‘दोन मारुती’ म्हटलं की लगेच मान वर जाते.

मापं घ्यायची तर अशी घ्या. तंजावरच्या बृहदीश्वराचं शिखर सुमारे २१६ फूट, म्हणजे मारुतीवर मारुती आणि त्यावर एक सहाफुटी माणूस. कन्याकुमारीचा तिरुवल्लुवर १३३ फूट, कोइंबतूरजवळचा आदियोगी ११२ फूट, मुरुडेश्वराचा शंकर १२३ फूट. तिघेही आपल्या मारुतीहून थोडेथोडेच उंच. श्रवणबेळगोळचा बाहुबली ५७ फूट, म्हणजे अर्ध्या मारुतीहून जरा जास्त; पण तो एकाच दगडात कोरलेला आहे, हे विसरू नका. जोगचा धबधबा ८३० फूट, आठ मारुतींना दहा फूट कमी. आणि विजयवाड्याजवळ परिटाला इथं तर मारुतीच मारुतीला भेटतो: तिथली २००३ साली उभी राहिलेली मूर्ती १३५ फुटांची आहे आणि तीही महामार्गालगतच. वहीत एक पान फक्त या मापांसाठी ठेवा. आईबाबांनी आकडा सांगायचा, भागाकार पोरांनी करायचा.

पहिल्या तासात समुद्र बदलतो

नांदुऱ्याचं पाणी ज्ञानगंगेतून पूर्णेला, पूर्णा चांगदेवजवळ तापीला आणि तापी सुरतेपाशी अरबी समुद्राला जाऊन मिळते. आता गाडी मोताळ्याकडे वळवा आणि राजूर घाट चढून बुलढाण्याला या. कानांना दडे बसतात, हवा किंचित बदलते. पण खरी गंमत डोळ्यांना दिसत नाही. अजिंठ्याच्या या रांगेतच पैनगंगा उगम पावते. तिचं पाणी वर्धा, प्राणहिता, गोदावरी असं फिरत बंगालच्या उपसागरात जातं. म्हणजे डब्यातली पहिली दशमी संपायच्या आत तुम्ही एका समुद्राच्या मुलखातून दुसऱ्या समुद्राच्या मुलखात आलेले असता. पोरांच्या भूगोलाच्या पुस्तकात ‘जलविभाजक’ असा एक रुक्ष शब्द असतो. तो इथे, घरापासून तासाभरावर, चाकाखाली असतो. घाटमाथ्यावर पाच मिनिटं थांबून हे सांगाच. पुढे कन्याकुमारीला याचा उपयोग होणार आहे.

रस्ता कोणता घ्यायचा

नांदुऱ्याहून दक्षिणेला उतरण्याचे दोन सरळ मार्ग आहेत. पूर्वेकडचा मार्ग अकोल्याहून राष्ट्रीय महामार्ग १६१ ने वाशीम, हिंगोली, नांदेड, देगलूर करत संगारेड्डीला आणि तिथून हैदराबादला नेतो. हैदराबादला महामार्ग ४४ सापडतो. हा श्रीनगरहून थेट कन्याकुमारीला जाणारा, देशातला सर्वांत लांब राष्ट्रीय महामार्ग. पश्चिमेकडचा मार्ग बुलढाणा, चिखली, जालना करत बीडला महामार्ग ५२ वर चढतो आणि धाराशिव, तुळजापूर, सोलापूर, विजापूर असा उतरतो.

मुलं सोबत असतील तर माझं मत पश्चिमेच्या बाजूनं आहे. वाटेत सिंदखेडराजाला जिजाऊंचं जन्मस्थान आहे, देऊळगावराजाला बालाजी आहे, तुळजापूरला भवानी आहे. पुढे तंजावरला जे दिसणार आहे त्याचं पहिलं पान सिंदखेडराजालाच उघडतं. हैदराबादचा मार्ग अंतर लवकर कापायला बरा. कन्याकुमारीपर्यंत एका बाजूचं अंतर सतराशे-अठराशे किलोमीटर धरा.

अकोल्याकडून जाणाऱ्यांसाठी एक छोटा आनंद. आपल्याच महामार्ग ५३ वर अकोला-अमरावतीदरम्यान जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरची एक मार्गिका सलग डांबरीकरण करून पूर्ण झाली आणि तिची गिनीज विक्रमात नोंद झाली. वेळ लागला १०५ तास ३३ मिनिटं. पुन्हा १०५! पोरं हा योगायोग शाळेत जाऊन नक्की सांगतात.

वाटेत ‘किती राहिलं?’ हा प्रश्न दर दहा मिनिटांनी येणारच. त्याला उत्तर देण्यापेक्षा कामाला लावणं बरं. किलोमीटरच्या दगडाचं डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असेल तर राज्य महामार्ग, नारिंगी असेल तर ग्रामसडक योजनेचा रस्ता. रंग ओळखायचा, आकडा वाचायचा, वहीत लिहायचा. सीमा ओलांडली की पाट्यांची लिपी बदलते. नव्या लिपीतलं गावाचं नाव चित्रासारखं उतरवून घ्यायला लावा. विजापूर ओलांडेपर्यंत कन्नडमधली दोन-तीन अक्षरं पोरं आपसूक ओळखायला लागतात.

सुट्टी कोणती, पाऊस कुठला

सहल बिघडते ती बहुतेक वेळा इथेच. आपण दिवाळीची सुट्टी बघतो, आपल्याकडचं स्वच्छ आकाश बघतो आणि मदुराई-रामेश्वरचं आरक्षण करतो. पण तमिळनाडूचा मुख्य पावसाळा आपला पावसाळा संपल्यावर सुरू होतो. ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत ईशान्य मोसमी वारे तिथे वर्षातला जवळजवळ निम्मा पाऊस पाडतात, आणि बंगालच्या उपसागरातली वादळंही याच काळातली. म्हणून दिवाळीत कर्नाटक करा. हंपी, बदामी, म्हैसूर या दिवसांत हिरवी असतात आणि ऊनही सोसवतं. तमिळनाडूसाठी नाताळची सुट्टी किंवा संक्रांतीच्या आसपासचे दिवस राखून ठेवा. जानेवारीच्या मध्याला तिथे पोंगल असतो. गाई-बैलांची शिंगं रंगवलेली दिसली की आपल्या पोरांना पोळा आठवतो आणि ओळख पटते.

मे महिन्यात हंपीचे दगड तापलेल्या तव्यासारखे होतात. नांदुऱ्याच्या उन्हात वाढलेल्या पोरालाही दुपारी तिथे चालवू नये.

आता विदर्भाच्या पोरांना मिळालेली एक खास सवलत. राज्यातल्या इतर भागांतल्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात, विदर्भातल्या उन्हामुळे त्यानंतर. केरळात मोसमी पाऊस पोचण्याची सरासरी तारीख १ जून आहे. विदर्भात तो जूनच्या मध्याच्या सुमारास येतो. म्हणजे आपली मुलं जूनच्या पहिल्या आठवड्यात केरळात पावसाचं आगमन बघू शकतात आणि परत येऊन तोच पाऊस दारात पुन्हा बघू शकतात!  फक्त या दिवसांत मुक्काम किनाऱ्याच्या बाजूला ठेवा. मुसळधार पावसात केरळातले डोंगरी रस्ते दरडींमुळे धोक्याचे होतात, तिथे मुलांना घेऊन जायचं नाही म्हणजे नाही.

डबा, ओकारी, पट्टा

दशमी दुधात भिजवलेल्या पिठाची असते, पाण्याचा हात नसतो, म्हणून ती प्रवासात टिकते. आजीच्या पिढीनं बैलगाडीतून जत्रेला नेलेला हा डबा मोटारीतही तितकाच चालतो. सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी. शेगावची कचोरी पहिल्या दिवसापुरती घ्या. तेलकट खाणं आणि घाट यांचं मुलांच्या पोटात जमत नाही.

ओकारीचं कारण साधं आहे. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण हलतोय, आणि मोबाइलवर खिळलेले डोळे सांगतात की सगळं स्थिर आहे. मेंदूला दोन परस्परविरुद्ध निरोप मिळतात आणि पोट ढवळतं. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हा त्रास सर्वांत जास्त होतो, तान्ह्या बाळांना सहसा होत नाही. उपाय म्हणजे घाटात मोबाइल बंद, नजर दूर डोंगरावर, खिडकी थोडी उघडी, पोट अर्धं भरलेलं. तमिळनाडूतल्या कोल्ली टेकड्यांच्या घाटात ७० वळणं आहेत, एकेकावर क्रमांक लिहिलेला असतो. क्रमांक मोजायला सांगितलं की नजर आपोआप बाहेर राहते.

आणि पट्टा. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालआसन नसेल तर १,००० रुपये दंड आहे. दंड बाजूला ठेवा. पुढच्या सीटवर आईच्या मांडीवर बसलेलं मूल अचानक ब्रेक लागल्यावर आईच्या हातात राहत नाही, कितीही घट्ट धरलं तरी. आपल्याकडे या एका बाबतीत फार ढिलाई आहे आणि ती मनाला लागते.

गाडी भाड्याची असेल तर पिवळ्या पाटीचीच घ्या, अखिल भारतीय पर्यटक परवाना असलेली. ओळखीतल्या कुणाची पांढऱ्या पाटीची गाडी पैसे देऊन नेली आणि अपघात झाला तर विम्याचा दावा अडू शकतो. स्वतःची गाडी असेल तर फास्टॅगचा वार्षिक पास बघा. ऑगस्ट २०२५ मध्ये तो ३,००० रुपयांत सुरू झाला: वर्षभर किंवा २०० टोल, यातलं जे आधी संपेल ते. तो राष्ट्रीय महामार्गांवर चालतो, राज्यांच्या टोलवर नाही. महामार्गावर अडचण आली तर १०३३, कुठेही संकट आलं तर ११२. हे दोन आकडे पोरांना पाठ करायला लावा.

नगरची तोफ, आजीचं लुगडं आणि खिशातली नोट

विजापूरच्या बुरुजावरची मुलुखमैदान तोफ तिथली नव्हे. ती १५४९ साली निजामशाहीत, नगरला ओतली गेली. तिच्या तोंडावर हत्तीला जबड्यात धरलेला सिंह कोरला आहे. गोलघुमट १६५६ सालचा. आत एकही खांब नाही, आणि आपला मारुती आत उभा केला तरी त्याचं डोकं घुमटाला टेकणार नाही. वरच्या गॅलरीत एका टोकाला कुजबुजलं की पलीकडच्या टोकाला ऐकू येतं. पण हे सकाळी लवकर, गर्दी व्हायच्या आत. दहानंतर सगळेच ओरडत असतात आणि कुजबुज बुडून जाते.

विजापूरहून होस्पेटला जाताना वाटेत इळकल लागतं. घरात आजीचं इरकल लुगडं असेल तर ते या गावचं. पाच मिनिटं थांबून मागाचा आवाज ऐकवावा.

मग हंपी. निघण्याआधी प्रत्येक पोराच्या हातात पन्नासची निळसर नवी नोट द्या, आणि खर्च करू देऊ नका. तिच्या मागच्या बाजूला जो दगडी रथ आहे तो हंपीच्या विजय विठ्ठल मंदिराच्या आवारात उभा आहे. नोट समोर धरून चित्र आणि दगड जुळवायचे, चाकं मोजायची. (वीसच्या नोटेवर आपलं वेरूळ आहे, ते घराजवळच.) विठ्ठलाच्या मंदिरात उभं राहिल्यावर पंढरपूरची गोष्ट निघतेच. कृष्णदेवरायानं विठ्ठलाला हंपीला नेलं आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी त्याला परत आणलं, अशी कथा वारकरी परंपरेत सांगतात. ती सांगायला याहून चांगली जागा नाही.

तुंगभद्रेपलीकडे आनेगुंदीजवळ अंजनाद्री आहे. पावणेसहाशेच्या आसपास पायऱ्या, आणि वर अंजनीचा मुलगा. मारुतीच्या मोठ्या मूर्तीच्या गावाहून निघालेल्या पोरांना मारुतीच्या जन्मस्थळी नेणं, यासारखा या सहलीतला दुसरा योग नाही. त्यांना हेही सांगा की जन्मस्थळाचा मान आणखी दोन ठिकाणं मागतात: नाशिकजवळचं अंजनेरी आणि तिरुमलाच्या सात डोंगरांतली अंजनाद्री. २०२१ साली तिरुपती देवस्थाननं आपला दावा जाहीर केला, तेव्हा तिन्हीकडे वाद चांगलाच तापला होता. तिन्ही ठिकाणी जाऊन यावं आणि पोरांनी स्वतः ठरवावं.

नदी ओलांडायला गोल टोपलीसारखी होडी असते. ती नाविकाला हवी तेव्हा भोवऱ्यासारखी फिरते. जीवरक्षक जाकीट नसेल तर बसू नका.

बाहुबलीच्या पायाशी मराठी

श्रवणबेळगोळचा बाहुबली दहाव्या शतकाच्या अखेरीस गंग राजांचा मंत्री चामुंडराय यानं घडवला. टेकडीवर सुमारे साडेसहाशे पायऱ्या, त्याही अनवाणी. मोजे चालतात, म्हणून जाड मोजे घ्या आणि सकाळी सातला चढायला लागा. वर गेल्यावर मूर्तीच्या पायाजवळ बघा. चामुंडरायानं हे करवून घेतलं असं सांगणारा मजकूर तिथे देवनागरीत, मराठीत कोरलेला आहे. मराठीतल्या अगदी जुन्या शिलालेखांत त्याची गणना होते. कर्नाटकात, टेकडीच्या माथ्यावर, आपल्या शाळेतल्या अक्षरांचे पूर्वज! दर बारा वर्षांनी होणारा महामस्तकाभिषेक २०१८ मध्ये झाला, पुढचा २०३० मध्ये.

पडत नाही ती बाहुली

बंगळूरहून म्हैसूरला जाताना चन्नपट्टण येतं. तिथली लाकडी खेळणी काळ्या कुड्याच्या मऊ लाकडाची आणि लाखेच्या रंगाची. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेनं रंग वितळून चढतो, हे प्रत्यक्ष बघता येतं. तंजावरला डोकं हलवणारी बाहुली मिळते. तिचा तळ गोल आणि जड असतो, म्हणून कितीही पाडली तरी उठून बसते. विज्ञानाच्या तासाला गुरुत्वमध्य शिकवायला ही बाहुली पुरेशी आहे.

तंजावर: इथे एक पूर्ण दिवस द्या

बहुतेक सहलींत तंजावर दोन तासांत उरकतात: बृहदीश्वर, फोटो, पुढे. मराठी घरानं असं करू नये.

शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांनी सतराव्या शतकात इथे राज्य स्थापलं आणि भोसल्यांचं हे घराणं १८५५ पर्यंत टिकलं. बृहदीश्वराच्या आवारातल्या भिंतींवर या घराण्याचा इतिहास मराठीत कोरलेला आहे, १८०३ सालचा, भिंतच्या भिंत भरून. देशातल्या सर्वांत लांब शिलालेखांत तो मोजला जातो. पोरांना सांगा, वाचा. अक्षरं लागतात! आजूबाजूला सगळं तमिळ, आणि भिंतीवर आपण घरी बोलतो ती भाषा. पुस्तकातला ‘मराठ्यांचा दक्षिणविस्तार’ हा धडा त्या क्षणी जिवंत होतो.

हे कोरवून घेणारे सरफोजी राजे हा मुलांना सांगायलाच हवा असा माणूस आहे. त्यांनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं, औषधांचा अभ्यास करणारा धन्वंतरी महाल चालवला आणि एकोणिसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला तंजावरात देवनागरी छापखाना काढला. त्या छापखान्यातून १८०६ साली ‘बालबोध मुक्तावली’ निघाली. सख्खण पंडितांनी मराठीत आणलेल्या इसापच्या गोष्टी. मराठीतल्या सर्वांत आधीच्या छापील पुस्तकांत तिचा समावेश होतो आणि ती मुलांसाठी होती. मुंबईत मराठी मुद्रण रुजण्याच्या कितीतरी आधी, तमिळ मुलखातला एक राजा मराठी पोरांसाठी गोष्टी छापत होता.

याच राजांनी समुद्रकाठी मनोरा नावाचा आठ मजली बुरूज बांधला. तो नेपोलियनच्या पराभवाची आठवण म्हणून! ज्यांना किल्ले आवडतात त्यांनी पट्टुकोट्टैच्या बाजूला वाकडी वाट करून तो बघावा.

सांबार तंजावरच्या मराठ्यांच्या मुदपाकखान्यात जन्मलं आणि त्याचं नाव संभाजी महाराजांवरून पडलं, ही कथा तिथे जो तो सांगतो. कथा म्हणून ऐकावी आणि दुसरी वाटी मागावी.

जिंजी

जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्य म्हणून १२ किल्ले जागतिक वारशात गेले. त्यांतले ११ महाराष्ट्रात आणि बारावा इथे, तमिळनाडूत. शिवाजी महाराजांनी तो १६७७ मध्ये घेतला. पुढे राजाराम महाराजांनी मोगलांच्या वेढ्यात कितीतरी वर्षं इथूनच राज्य चालवलं. किल्ल्याची राजगिरी टेकडी चढायची तर पाणी भरपूर न्या, आणि माकडांपासून डबा सांभाळा. रायगड, प्रतापगड बघितलेल्या मुलानं जिंजी बघितली की मराठ्यांची झेप किती लांब होती हे त्याच्या पायांना कळतं.

कधी काय बंद असतं

दक्षिणेतली बहुतेक मोठी मंदिरं दुपारी बारा-साडेबाराला बंद होतात आणि चार वाजता उघडतात. म्हणून मंदिर सकाळी, गाडी दुपारी. पोरं त्या वेळात झोपतातही. हैदराबादचं सालारजंग संग्रहालय शुक्रवारी बंद. इतर दिवशी तिथल्या घड्याळापुढे तास भरायच्या आधी जाऊन बसा, एक छोटा माणूस दार उघडून बाहेर येतो आणि घंटा वाजवतो. हैदराबादचं प्राणिसंग्रहालय सोमवारी बंद, म्हैसूरचं मंगळवारी. तिरुवनंतपुरमच्या पद्मनाभस्वामी मंदिरात पुरुषांना शर्ट काढून मुंडू नेसावा लागतो. मुलग्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर दारात रुसवा होतो.

हत्तींची झोप

म्हैसूरहून वायनाड आणि उटीला जाणारे रस्ते बंदीपूरच्या जंगलातून जातात आणि रात्री नऊ ते सकाळी सहा बंद असतात. २००९ पासूनचा हा नियम आहे, कारण रात्री रस्ता जनावरांचा. पोरांना हा नियम फार आवडतो: हत्तीसाठी माणसं थांबतात! म्हणून संध्याकाळी सहाच्या आत जंगल ओलांडायचं गणित ठेवा. मे २०२४ पासून उटी आणि कोडाईकनालला खासगी गाडीनं जायला ई-पास लागतो. तो निघण्यापूर्वी घरूनच काढा.

उटीला गाडी खाली ठेवून रेल्वेनं जाता आलं तर जरूर जा. मेट्टुपाळयम ते उटी ४६ किलोमीटर, १६ बोगदे, २०८ वळणं, आणि चढाला सुमारे पाच तास. रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी असते, इंजिनाचं दातेरी चाक तिच्यात अडकून गाडी चढते. २००५ पासून ती जागतिक वारसा आहे. तिकीट फार आधी काढावं लागतं.

पूल जो उभा उचलला जातो

रामेश्वरला मोटारीनं जाताना पांबनचा रस्त्याचा पूल लागतो, आणि बाजूला रेल्वेचा. जुना रेल्वेपूल १९१४ सालचा, तो मध्यभागातून दोन पाकळ्यांनी उघडायचा. नवा एप्रिल २०२५ मध्ये सुरू झालेला; त्याचा ७२.५ मीटरचा तुकडा सरळ वर उचलला जातो आणि खालून जहाज जातं. पुढे धनुष्कोडी. डिसेंबर १९६४ च्या वादळानं हे गाव संपवलं. चर्चच्या आणि स्टेशनच्या भिंती अजून वाळूत उभ्या आहेत. तिथे पोरांना खेळायला सोडण्याआधी काय झालं ते सांगावं. मुलं ऐकतात, आणि गंभीर होतात.

कन्याकुमारीचा वऱ्हाडी माणूस

विवेकानंद शिलास्मारक उभं केलं ते एकनाथजी रानडे यांनी. त्यांचा जन्म १९१४ चा, अमरावती जिल्ह्यातल्या टिमटाळ्याचा. आपल्याच नागपूर-मुंबई रेल्वेमार्गावरचं छोटं स्टेशन! स्मारकाला विरोध होता, तेव्हा त्यांनी ३२३ खासदारांच्या सह्या मिळवल्या आणि देशभरातल्या सामान्य माणसांकडून पैसे गोळा केले. १९७० मध्ये स्मारक खुलं झालं. शेजारच्या तिरुवल्लुवराच्या खडकापर्यंत आता ७७ मीटरचा काचेचा पूल आहे. पायाखाली लाटा दिसतात, काही पोरं धावतात, काही आईला बिलगतात.

राजूर घाटात वेगळी झालेली दोन पाण्यं आठवतात? उजवीकडे अरबी समुद्र, डावीकडे बंगालचा उपसागर. पूर्णेचं पाणी या बाजूला, पैनगंगेचं त्या बाजूला.

आकाश मोकळं असेल तर आणखी एक मोजमाप. हात लांब करून मूठ धरली की ती आकाशात साधारण दहा अंश व्यापते. नांदुऱ्यात ध्रुवतारा क्षितिजापासून दोन मुठी वर असतो. कन्याकुमारीला एक मूठही भरत नाही. उलट अगस्तीचा तारा हिवाळ्यात तिथे घरच्याहून बराच वर चढलेला दिसतो. पृथ्वी गोल आहे याचा पुरावा पोराच्या स्वतःच्या मुठीत मिळतो. निघण्यापूर्वी गच्चीवरून एकदा मोजून घ्यायला विसरू नका.

समुद्राखालचं शेत

कापसाच्या काळ्या मातीत वाढलेल्या पोरांना केरळातलं कुट्टनाड दाखवावं. तिथे भात समुद्रसपाटीच्या खाली, दोन-तीन मीटरपर्यंत खोल असलेल्या शेतात पिकतो आणि कालव्याचं पाणी शेताच्या वरून वाहतं. हाउसबोट महाग पडते. आलप्पुळ्याला सरकारी जलवाहतूक खात्याच्या बोटी आपल्या एसटीसारख्या धावतात, थांबे घेतात. त्यांत शाळेची मुलं, भाजीच्या टोपल्या, सायकलसुद्धा चढते. कोट्टयमची बोट अडीच तासांत, काही रुपयांच्या तिकिटात तेच पाणी दाखवते, आणि माझ्या मते जास्त चांगलं दाखवते.

जेवणाच्या टेबलावर लागणारी चार वाक्यं

इडली-डोसा बहुतेक मुलांना चालतो. अडचण येते ती भाताच्या ताटाला. ‘तिखट नको’ हे कन्नडमध्ये ‘खारा बेड’, तमिळमध्ये ‘कारम वेंडाम’, मल्याळममध्ये ‘एरिवु वेण्ड’, तेलुगूत ‘कारम वद्दु’. दही मागायचं तर अनुक्रमे मोसरु, तयिर, तैरु, पेरुगु. ही वाक्यं मोठ्यांनी नको, पोरांनी बोलावीत. परक्या मुलाच्या तोंडून आपली भाषा ऐकली की वाढपी हसतो, आतून कुणाला तरी बोलावतो आणि पानात जास्तीचा पापड पडतो. वऱ्हाडी ठेच्यावर वाढलेली पोरं गुंटूरच्या मिरचीलाही तोंड देतील, पण आंध्रात ‘कारम वद्दु’ पहिला घास घेण्याआधी म्हणावं.